दारातला कारबस

४ जून

आजपासून माझ्याकडे दोन वह्या. एक पालिकेची. तिच्यात बसऱ्याच्या रस्त्यांवरचं एकूण एक कारबसचं झाड लिहायचं: गल्ली, घर, उंची, खोडाचा घेर, पाण्याच्या पाइपपासूनचं अंतर. दुसरी ही. हिच्यात मला काय वाटतं ते, कारण पालिकेच्या वहीत तसला रकाना नाही.

शहराला सावली हवी म्हणून नवी मोहीम निघाली आहे. दहा हजार रोपं लावायची. चांगलं आहे. पण त्याआधी पाइपजवळचे सगळे कारबस पाडायचे, कारण त्यांची मुळं पाण्याच्या वासाने जातात आणि पाइप फोडतात म्हणे. आणि याद्या कुणी करायच्या? ज्याने लावले त्याने. म्हणजे मी, शाकिर रोपवाटिकावाला. आठ वर्षांपूर्वी याच पालिकेने मला व्यासपीठावर बसवून शाल दिली होती. तेव्हा नदीत समुद्र शिरलेला, खजूर उभे वाळत होते, लिंबं गेली, आणि खाऱ्या पाण्यावर एकटा कारबस दोन वर्षांत छपराला टेकत होता. बाया रस्त्यात थांबवून मला दुआ द्यायच्या. आता तेच झाड गुन्हेगार झालं. गरज सरो, वैद्य मरो.

पहिली नोंद आमच्याच दारची केली. उंची नऊ मीटर. पाइपपासून अंतर चार मीटर. डोळ्यांनीच मोजलं. टेप आत होता, उठायचा कंटाळा केला.

हे झाड आमच्या पोराचं, मैथमचं. तो टोमॅटोचा ट्रक घेऊन उत्तरेला गेला, त्या वर्षी रस्त्यांवर बंदूकवाले माणसं उचलून नेत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या हिवाळ्यात मी हे लावलं, तो ट्रक लावायचा त्याच जागेपाशी. नऊ वर्षं होत आली. आला की आधी झाडाकडेच बघत राहील.

९ जून

आज शुक्रवार, घरी होतो. गल्लीतली सगळी झाडं उन्हाने कोमेजलेली, आणि आमचं बघावं तर टवटवीत, जसं आत्ता कुणी धुऊन पुसून ठेवलंय. गंमत म्हणजे गेल्या उन्हाळ्यापासून मी त्याला थेंबभर पाणी घातलेलं नाही. हज्जी अब्बूद समोरच्या ओट्यावरून म्हणाला, "शाकिर, तुझ्या झाडाला काय कबाब चारतोस का रे?" मी म्हटलं, जात्याच चांगल्या घरचं आहे.

बायकोला, रबाबला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "हूं." एवढंच. तिला हे झाड कधी आवडलंच नाही. लावलं त्या दिवशीसुद्धा मध्ये उभी राहून म्हणाली होती, "अबू मैथम, बोर लावा." मी म्हटलं, बोरीला मोठी व्हायला वीस वर्षं लागतात, पोराला सावली आज हवी. तर म्हणाली, "मला घाई नाही."

बोरीचं वेड तिच्या माहेरचं. अबुल खसीबला त्यांच्या बागेत विहिरीपाशी एक बोर होती. तिची बोरं खाऊन ही वाढली, तिच्या पाल्याने केस धुतले, आणि आई-बाप गेले तेव्हा त्यांना शेवटची अंघोळ त्याच पाल्याच्या पाण्याने घातली. पुढे खारं पाणी आलं, बाग गेली, बोरही गेली. जडीबुटीवाल्या अत्ताराकडे बोरीच्या पाल्याची पूड पाकिटात मिळते, सगळं बसरा आपल्या मेलेल्यांना तीच वापरतं. हिचं म्हणणं, आपल्या माणसाला पाला आपल्या घरचा हवा. मी म्हटलं, बाई, कुणाला धुवायला निघालीस एवढ्यात? ती स्वयंपाकघरात गेली.

१५ जून

पाणीखात्याची इंजिनियर आली होती. रुसुल नाव. वय माझ्या चपलांएवढं, डोक्याला निळा रुमाल, हातात पाइपांचा नकाशा. मला "अम्मो, अम्मो" करत होती, काका काका म्हणावं तसं. गोड बोलून काटा काढायची रीत.

"अम्मो, तुमच्या गल्लीतला दाब निम्म्यावर आलाय. कुठेतरी गळती आहे."

"मग शोधा. पाणी तुमचं, झाडं माझी."

"झाडापाशीच असेल असं वाटतं. कोपऱ्यापासून तुमच्या दारापर्यंत एकदा खणून बघू द्या. झाड तुमच्या यादीतलं, तुमची सही लागते."

"आमचं झाड चार मीटरवर आहे. वहीत लिहिलंय."

तिने नकाशा बघितला, मग झाडाकडे बघितलं. म्हणाली, "नकाशात तर पाइप दारालगत जातो."

"नकाशे बसून काढतात पोरी, झाडं उभं राहून लावावी लागतात."

ती हसली, पण पटलं नाही तिला. जाता जाता विचारलं, "खालाची तब्येत बरी आहे ना? गल्लीत पोटाच्या तक्रारी वाढल्यात. नळाचं पाणी तोंडात घेऊ नका." आम्ही काय काल जन्मलो? पिण्याचं गोडं पाणी टँकरवाल्याकडून भरतो. नळाचं पाणी भांड्यांना आणि नमाजाआधीच्या वुज़ूला.

२७ जून

दोन गोष्टींनी टाळकं सटकलं.

एक. ज्या कचेरीत सापडलेली हाडं घरच्यांच्या रक्ताशी ताडून बघतात, तिथून पुन्हा पत्र आलं. वडिलांनी रक्त द्यायला यावं. दरवर्षीसारखं मी ते फाडलं. जिवंत माणूस शोधायला रक्त कशाला लागतं? रबाब तुकडे उचलत होती. 

दोन. गोडं पाणी. आठवड्याला चार कॅन घेतो, दोन माणसांना. तरी गुरुवारी खडखडाट. मी दिवसभर रोपवाटिकेत, तिथलंच पितो. मग जातं कुठे?

"पिणाऱ्याला तहान असते," रबाब म्हणाली.

"तू पितेस एवढं?"

"मी काय, मला नळाचंही चालतं. उकळून घेते."

"वेडी आहेस का? तुझी मूत्रपिंडं आधीच कशी आहेत ते डॉक्टरने सांगितलंय ना?"

"तम्मूझचं, जुलैचं ऊन तोंडावर आलंय, अबू मैथम. माठातलं पाणीसुद्धा उकळतं. ओरडू नका, घसा सुकेल."

हसलो मग. या बाईशी भांडता येत नाही. रोज सकाळी माझ्याआधी उठते, गच्चीवर कपडे टाकायला जाते, आणि खाली येते तेव्हा तिला धाप लागलेली असते. दोन माणसांचे कपडे ते किती. माझे गुडघे गेल्यापासून नऊ वर्षं मी गच्ची पाहिलेली नाही.

८ जुलै

रबाबचं पोट बिघडलंय. कलिंगड, दुसरं काय. सांगितलं होतं कापलेलं ठेवू नकोस.

हज्जी अब्बूदकडेही दोघं आडवे आहेत. त्याची बायको, अलवीया, येऊन रबाबपाशी बसली होती. गल्लीतल्या बायकांचं मयत धुण्याचं काम हीच करते, त्यामुळे ती घरात आली की मला बरं वाटत नाही. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तर गप्प.

"काय गुपित चाललंय?"

"तुझी निंदा," अलवीया म्हणाली. "अजून बरीच उरलीय, बाहेर जा."

रुसुल पुन्हा आली. या वेळी तिच्याबरोबर नळाच्या पाण्याची बाटली होती, तळाला काळा गाळ. सांडपाणी मिसळतंय म्हणाली. फक्त सही द्या, एका दिवसात खणून बघते. मुळं पाइपात नसली तर झाडाला हात लावणार नाही.

"आणि असली तर?"

"तर पाडावं लागेल, अम्मो."

मी सही केली नाही. खरं कारण या वहीत लिहितो, त्या वहीत नाही. तो आला आणि ट्रकच्या जागी नुसता खड्डा दिसला तर मी काय सांगू त्याला? गल्लीत आणखी सव्वीस झाडं आहेत, आधी ती बघा म्हटलं. ती म्हणाली, "ती सगळी सुकलीयत. पाणी मिळणारं झाड एकच आहे." मला वाटलं माझ्या झाडाचं कौतुक करतेय. खरंच तसं वाटलं, आणि मी मान डोलावली.

२० जुलै

इतर गल्ल्यांच्या याद्या झाल्या. एकशे चाळीस झाडांवर लाल खूण केली. अल-जज़ायर मोहल्ल्यात एक म्हातारी खोडाला पाठ लावून बसली, खूण करू देईना. "तूच लावलंस ना रे हे? माझ्या हातात रोप देऊन म्हणाला होतास, मुलासारखं सांभाळ." मी म्हटलं होतं खरं. मी सगळ्यांना तेच म्हणायचो. खूण न करता परत आलो आणि साहेबाचं बोलणं खाल्लं.

रबाब थोडी बरी आहे. आज भात केला. स्वतः चार घास खाल्ले आणि वर जाऊन आली.

२ ऑगस्ट

सकाळी ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेली सापडली. हातात पाण्याचा तांब्या होता, गोड्या पाण्याचा, निम्मा सांडलेला. मी म्हटलं, कपडे टाकायला तांब्या कशाला? तिला उत्तर देण्याएवढं बळ नव्हतं. हज्जी अब्बूदच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, पोटातला जंतू घाण पाण्याचा आहे, आणि मूत्रपिंडं थकलेली. गल्लीचं नाव ऐकून म्हणाला, "तुमच्या गल्लीतला हा नववा पेशंट."

मी दवाखान्यातूनच रुसुलला फोन केला. म्हटलं, पोरी, ये आणि खण. सही कुठे करू ते सांग.

ती म्हणाली, "अम्मो, मी निघालेच."

३ ऑगस्ट

लिहवत नाही, पण लिहितो.

टेप रुसुलने धरला. झाडाच्या बुंध्यापासून पाइप साठ सेंटिमीटरवर. चार मीटर नाही, साठ सेंटिमीटर. झाड लावलं त्या जानेवारीतल्या दिवशी मी नकाशा मागवलाच नव्हता. मला फक्त ट्रक कुठे उभा राहील ते दिसत होतं.

मजुरांनी माती उपसली आणि पाइप कापला. आत पाणी दिसेना. आत मुळंच होती, बारीक, तांबूस, ठासून भरलेली, काथ्यासारखी. हाताने ओढली तर संपता संपेनात. पलीकडे सांडपाण्याचा पाइप, त्यालाही तडा, आणि एकातली मुळं दुसऱ्यात शिरलेली. आठ वर्षं मी जिथे उभा राहून "आपलं झाड बघा" म्हणायचो, तिथे खाली हे चाललं होतं.

रुसुलने टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, करवत मला द्या. मजूर म्हणाला, अम्मो, तुमचे गुडघे. म्हटलं, गुडघ्याने कापायचं नाहीये. पहिला काप मी घातला, पुढचं त्यांनी. पडताना फांद्यांचा आवाज झाला तेव्हा गल्लीतली सगळी दारं उघडली. हज्जी अब्बूदने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याची नात त्याच पाण्याने महिनाभर आजारी होती, आणि माझ्या खांद्यावर हात त्याचा.

दारात ऊन आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत.

६ ऑगस्ट

रबाबला सांगितलं झाड पाडलं म्हणून. तिने डोळे उघडले.

"तुम्हाला त्रास झाला का?" तिने मला विचारलं. मला.

मी म्हटलं, रबाब, तू माझ्यामुळे इथे आहेस. सही मी दिली नाही. अंतर मी खोटं लिहिलं. ती म्हणाली, "तुम्ही पोरासाठी केलंत. मीही तेच केलं." तिने काय केलं ते मला कळलं नाही, आणि तिला थकवा यायला नको म्हणून विचारलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, "गच्चीवर जात जा. रोज सकाळी."

"कपडे मी काढून घेईन, तू काळजी करू नकोस."

तिने मान हलवली. "गोडं पाणी," म्हणाली.

डॉक्टरने पाणी द्यायचं नाही सांगितलं होतं. मी कापूस बुडवून तिच्या ओठांना लावला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी विसरलोय अशा नजरेने. मग झोपली.

८ ऑगस्ट

रबाब गेली. दुपारी, अज़ानच्या थोडं आधी. मी औषध आणायला खाली गेलो होतो.

९ ऑगस्ट

दफनासाठी नजफला न्यायच्या आधी इथेच धुतलं. बायकांचं काम, आम्ही पुरुष बाहेर बाकावर. मी अत्ताराकडून पाल्याच्या पुडीचं पाकीट आणलं होतं. आधी बोरीच्या पाल्याचं पाणी, मग कापराचं, मग साधं. माणसाला तीन अंघोळी मिळतात, शेवटच्या. पाकीट दारातून अलवीयाच्या हातात दिलं. तिने परत दिलं.

"हे नको. पाला आहे."

"कुठला पाला?"

तिने बुरख्याखालून पातेलं दाखवलं. हिरवा, ओला, नुकता तोडलेला बोरीचा पाला. बसऱ्यात ऑगस्टमध्ये असा पाला मी रोपवाटिकेतही पाहिलेला नाही.

"तुझ्या गच्चीवरचा," ती म्हणाली. "तुपाच्या डब्यात बोर आहे. आठ वर्षांची. तू कारबस लावलास त्याच आठवड्यात तिने बी टोचलं. खारं पाणी तिला सोसत नाही म्हणून गोडं घालायची, आपल्या वाट्याचं. तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

"कशासाठी लावलीय ते तुला सांगायला लागलं असतं. मैथमसाठी लावली होती, शाकिर. पोराचं काहीही हाती आलं, एक हाड आलं तरी, त्याला घरच्या पाल्याने धुवायचं म्हणून. तू रोज तो येणार तो येणार म्हणायचास. ती कुठल्या तोंडाने सांगणार?"

 अलवीयाचा आवाज खाली आला.

"मला तिने बजावलं होतं. म्हणाली, मी आधी गेले तर माझ्यासाठी निम्माच तोड. निम्मा पोराचा आहे, त्याला हात लावू नकोस." मग म्हणाली, "तू वर जाणार नाहीस हेही तिला माहीत होतं. आठवडाभर पाणी मी घालतेय."

पाकीट माझ्या हातातच राहिलं. नजफपर्यंत तसंच होतं खिशात.

१८ सप्टेंबर

चाळिसावा दिवस झाला. हज्जी अब्बूदच्या घरून जेवण आलं होतं.

इतके दिवस पाणी अलवीयाच घालत होती, आज मी गच्चीवर चढलो. एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, मध्ये चारदा बसत. पंचवीस पायऱ्या. ही बाई त्या महिन्यात पोट धरून, तांब्या घेऊन, रोज चढत होती, आणि मी खालून ओरडायचो की पाणी जातं कुठे.

बोर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आहे. कमरेएवढी. आठ वर्षांत एवढीच, डब्यात किती वाढणार. वरून कपड्याचा मांडव बांधलाय. कापड ओळखलं, मैथमचा शाळेचा शर्ट. एका अंगाच्या फांद्या बोडक्या, दुसऱ्या अंगाला पानं गच्च. अलवीयाने अगदी मधोमध रेघ ओढल्यासारखी तोडलीयत. तिथे बसून मी मोठ्याने रडलो. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका होत्या. असू देत.

२४ सप्टेंबर

पालिकेची वही पुरी करून दिली. पहिली नोंद खोडून दुरुस्त केली: पाइपपासून अंतर साठ सेंटिमीटर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, चूक लावणाऱ्याची. साहेब म्हणाला, हे लिहायची गरज नाही, याच्यावरून चौकशी लागेल. म्हटलं, लागू दे.

रुसुल भेटली. दहा हजारांत बोरी किती घ्यायच्या विचारत होती. लोक म्हणतात सावलीला वीस वर्षं लागतील, कुणी तयार होत नाही, म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे पाठव, मी बोलतो त्यांच्याशी. "आणि पोरी, नकाशा आधी. तू दाखवशील तिथेच खड्डा." ती रडायला लागली. मीच तिला रुमाल दिला.

१ ऑक्टोबर

रक्त द्यायला गेलो.

कचेरीत एक मुलगा बसला होता, फार शांत बोलणारा. त्याने नाव विचारलं. मैथम शाकिर, म्हटलं. नातं विचारलं. बाप. शेवटचा कधी पाहिला? सांगितलं. कपडे कोणते होते? करडा शर्ट, कोपरावर रफू केलेला. रफू त्याच्या आईने केलं होतं. हे मी नऊ वर्षांत पहिल्यांदा बोललो, आणि पोराबद्दल 'आहे' न म्हणता 'होता' म्हणालो. म्हणताना जीभ अडली नाही याचंच वाईट वाटलं.

त्याने संगणकात बघितलं.

"अम्मो, आईचं रक्त आमच्याकडे आहे. सात वर्षांपूर्वीचं, तुमचंच राहिलं होतं. दरवर्षी येऊन विचारून जायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"या वर्षी नाही आल्या."

"नाही," मी म्हटलं. "या वर्षी मी आलोय."

त्याने बाही वर करायला सांगितली. सुई टोचताना तोंड फिरवा म्हणाला. मी फिरवलं नाही.

घरी येऊन वर चढलो. दोन तांबे गोडं पाणी घातलं. बोडक्या अंगाला बारीक कोंब आलेत. दुसऱ्या अंगाची पानं तशीच आहेत, जून झालीयत, काही पिवळी पडून गळतात. ती मी खाली पडू देत नाही. वेचून सावलीत वाळवतो आणि तिच्या वेलचीच्या डबीत ठेवतो.